किंमत कळण्याआधीचा होकार

अमेरिकेतील एखाद्या छोट्या लिबरल आर्ट्स महाविद्यालयाकडे ‘अर्ली डिसिजन’ पद्धतीने, म्हणजे प्रवेश मिळाला तर तो घेऊच असे आधीच वचन देऊन, अर्ज करायचा असेल, तर एका करारावर तिघांच्या सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेतील समुपदेशकाची. आमच्या पुण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक असे पदच नाही. त्यामुळे इंग्रजी बरे लिहिणारा आणि ई-मेल वेळेवर पाहणारा शिक्षक म्हणून ते काम गेली काही वर्षे माझ्याकडे आले आहे. काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कार्यालय बंद व्हायच्या आदल्या दिवशी, बारावी शास्त्र शाखेतला एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडील चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्स विभागात नोकरीला होते. त्यांनी करार दोनदा वाचला, मुलाकडून एका वाक्याचा अर्थ पुन्हा विचारून घेतला आणि म्हणाले, “सर, फ्लॅटच्या कर्जाच्या वेळी बँकेनेसुद्धा आधी हप्ता सांगितला, मग सह्या घेतल्या. इथे आकडाच नाही.” त्यांना देण्याजोगे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी सही केली, त्यांनीही केली. प्रवेशाच्या या पद्धतीवर त्यानंतर मी जे काही वाचले आणि जितका विचार केला, त्यात त्या एका वाक्याला खोडून काढणारा युक्तिवाद मला अजून सापडलेला नाही.

ही महाविद्यालये म्हणजे नेमके काय, हे आधी सांगायला हवे, कारण ‘आर्ट्स’ या शब्दाने आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. शास्त्र शाखेत नव्वद टक्के मिळवणारा मुलगा ‘आर्ट्स कॉलेज’ला अर्ज करतो म्हटल्यावर आजूबाजूच्या लोकांना वाटते, याचे काहीतरी बिनसले आहे. प्रत्यक्षात या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि काव्य हे सगळे एकाच छपराखाली शिकवले जाते आणि विद्यार्थ्याने पहिली एक-दोन वर्षे हे सर्व थोडेथोडे चाखून मगच मुख्य विषय ठरवावा, अशी अपेक्षा असते. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, ग्रिनेल, बोडन ही त्यांतली नावाजलेली नावे. एकूण विद्यार्थीसंख्या दोन हजारांच्या आसपास, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. पदव्युत्तर विद्यार्थी नाहीत किंवा नगण्य. बहुतेक सर्व मुले आवारातच राहतात आणि प्राध्यापक त्यांना नावाने ओळखतात. मराठीशी या महाविद्यालयांचा संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १८१३ मध्ये मुंबईत येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारा आणि मराठी शाळा काढणारा गॉर्डन हॉल हा विल्यम्स महाविद्यालयाचा १८०८ सालचा पदवीधर होता. मिडवेस्टमधील अशाच काही महाविद्यालयांची मुले पुढे कित्येक वर्षे एका सत्रासाठी पुण्यात येऊन राहत आणि मोडकीतोडकी का होईना, मराठी शिकून जात. या महाविद्यालयांविषयी मला आदर आहे. साठ मुलांच्या तुकडीला वर्षानुवर्षे नोट्स उतरवून देणाऱ्या शिक्षकाला बारा मुलांच्या वर्गाचा थोडा हेवाही वाटतो. माझे भांडण आहे ते त्यांच्या प्रवेशाच्या एका दाराशी.

ते दार असे उघडते. साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा. डिसेंबरच्या मध्यावर निकाल लागतो. प्रवेश मिळाला, तर तो स्वीकारायचा आणि इतर सर्व ठिकाणचे अर्ज मागे घ्यायचे, असे वचन विद्यार्थ्याने अर्जासोबतच दिलेले असते. असा अर्ज एका वेळी एकाच महाविद्यालयाला करता येतो. पहिल्या फेरीत जमले नाही, तर जानेवारीच्या सुरुवातीला ‘अर्ली डिसिजन दोन’ नावाचे दुसरे दार असते, तेही बांधीलच. हे काहीही न करता जानेवारीत दहा-बारा ठिकाणी मोकळे अर्ज करणे, मार्चअखेर निकाल पाहणे आणि कोण किती मदत देते याची तुलना करून १ मेपर्यंत निर्णय कळवणे, ही झाली नेहमीची वाट. अडचण ही की अनेक नामांकित छोट्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या निम्म्या किंवा निम्म्याहून जास्त जागा बांधील अर्जांतूनच भरतात. उरलेल्या जागांसाठी मग उरलेले सगळे जग भांडत असते.

महाविद्यालयांची बाजू कमकुवत नाही आणि ती नीट मांडायलाच हवी. समजा, एका महाविद्यालयाला पाचशे मुले हवी आहेत. प्रवेश दिलेल्यांपैकी शंभरातली चाळीस येतात, हा अनुभव धरून ते साडेबाराशे जणांना होकार कळवते. त्या वर्षी चाळीसऐवजी पंचेचाळीस आली, तर बासष्ट मुले जास्त होतात, आणि त्यांना झोपायला खाटा नसतात. पस्तीसच आली, तर त्रेसष्ट जागा रिकाम्या राहतात आणि चार वर्षे त्या जागांची फी बुडते. तीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात ही चूक सहज जिरून जाते. दोन हजारांच्या महाविद्यालयात तिने अंदाजपत्रक कोलमडते. बांधील अर्जात मात्र एक होकार म्हणजे एक विद्यार्थी. शिवाय किती जणांना आर्थिक मदत लागणार, मुले-मुली किती, वाद्यवृंदाला आणि संघांना पुरेशी माणसे मिळाली की नाही, हेही डिसेंबरमध्येच निम्मे ठरून जाते. १९५० च्या दशकात ईशान्य अमेरिकेतील काही महाविद्यालयांनी ही पद्धत सुरू केली, तेव्हाही मोठ्या विद्यापीठांच्या स्पर्धेत आपली मुले आधीच पक्की करून घेण्याचा हेतू होताच. लहान संस्थेला खात्री हवी असते, हे मला मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या खात्रीची किंमत कोण मोजतो.

दुसरा युक्तिवाद भावनिक आहे आणि तो प्रवेश कार्यालयांची मंडळी फार गोडीने करतात. ज्याला मनापासून इथेच यायचे आहे त्याला आधी घ्यावे, यात वावगे काय? ऐकायला हे बरे वाटते. पण मनापासून यायचे असणे आणि दराची चौकशी न करता येऊ शकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा करार त्यांतली दुसरीच मोजतो. या महाविद्यालयांचा फी, निवास आणि जेवण धरून वर्षाचा एकूण खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास गेला आहे. तो खिशातून भरू शकणाऱ्या घरातल्या मुलीला बांधील अर्जाने काहीच गमवावे लागत नाही, कारण तिला तुलना करायचीच नसते. जिच्या घराला दहा हजार डॉलरच्या फरकाने फरक पडतो, तिच्यासाठी तुलना हाच एकमेव आधार असतो आणि नेमका तोच सोडून देण्याचे वचन तिच्याकडून मागितले जाते. त्या बदल्यात मिळणारा फायदा क्षुल्लक नाही. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधील अभ्यासकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, लवकर अर्ज केल्याने प्रवेशाच्या शक्यतेत पडणारी भर ही सॅट या तिकडच्या प्रवेशपरीक्षेत सुमारे शंभर गुण जास्त मिळवण्याच्या तोडीची होती. तेव्हा ही परीक्षा १६०० गुणांची होती. शंभर गुणांसाठी मुले वर्षभर क्लास लावतात. इथे ते एका सहीने मिळतात, फक्त सही परवडायला हवी.

याचा पहिला फटका अमेरिकेतल्याच मध्यम आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना बसतो, हे विसरून चालणार नाही. आमच्यासारख्यांची तक्रार त्यानंतरची. त्या कुटुंबांच्या हातात निदान एक साधन तरी आहे. २००८ च्या कायद्यानुसार केंद्रीय मदत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला २०११ पासून संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो, आणि वेलस्ली महाविद्यालयातील एका अर्थशास्त्रज्ञाने मोजक्या प्रश्नांत अंदाज देणारे त्याहून सोपे साधन तयार केले, जे पुढे इतर अनेक महाविद्यालयांनीही स्वीकारले. पण ही साधने मुख्यतः अमेरिकी करपत्रकांच्या आणि उत्पन्नाच्या चौकटीत बसवलेली आहेत. पुण्यातल्या वडिलांचा भविष्य निर्वाह निधी, गावाकडची सामायिक सातबाऱ्यावरची दीड एकर जमीन, कर्ज अर्धे फिटलेला दोन खोल्यांचा फ्लॅट, यांचे त्यात काय करायचे हे कोणी सांगत नाही. मदतीच्या अर्जात मात्र या सगळ्याची बाजारभावाने किंमत विचारली जाते. त्या फ्लॅटची किंमत रुपयांत लिहिताना वडिलांच्या चेहऱ्यावर जो एक क्षण श्रीमंत झाल्याचा भाव येतो, तो मी दोन-तीन घरांत पाहिला आहे. तो फ्लॅट विकून मुलाला शिकवायचे नसते, हे मात्र त्या रकान्यात लिहायला जागा नसते.

परदेशी विद्यार्थ्याची गरज न पाहता प्रवेश देणारी छोटी महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ॲमहर्स्ट त्यांतले जुने, बोडन २०२२ मध्ये त्यांत आले. बाकीच्या ठिकाणी किती मदत मागितली हा निवडीतलाच एक निकष असतो, आणि अनेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढच्या वर्षांत परदेशी विद्यार्थ्याला ती मागताही येत नाही. म्हणजे मुलाने एकीकडे शक्य तितके कमी मागावे, दुसरीकडे चार वर्षे पुरेल इतके मागावे, आणि हे सगळे बारावीच्या पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या आठवड्यात ठरवावे, असा हा हिशेब आहे. गरज न पाहता प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयातसुद्धा ‘गरज’ किती, हे ठरवते महाविद्यालयच, आणि तो आकडा करारावर सह्या झाल्यानंतरच कळतो.

बचावासाठी करारात एक पळवाट आहे, हे नेहमी सांगितले जाते. देऊ केलेली मदत पुरेशी नसेल, तर विद्यार्थी नकार देऊ शकतो आणि वचनातून मुक्त होतो. कागदावर ही तरतूद खरी आहे. आमच्या त्या मुलाच्या बाबतीत ती वापरावी लागली, म्हणून ती प्रत्यक्षात कशी चालते हे सांगू शकतो. डिसेंबरच्या मध्यावर प्रवेश मिळाला. घरी पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी मदतीचे पत्र नीट वाचल्यावर लक्षात आले की महाविद्यालयाच्या हिशेबाने हे कुटुंब वर्षाला सुमारे सत्तावीस हजार डॉलर भरू शकते. वडिलांचे वर्षाचे हातात येणारे वेतन त्याच्या निम्मेही नव्हते. फरक आला होता तो फ्लॅट आणि जमिनीच्या किमतीतून. फेरविचाराची विनंती केली. कार्यालयाने सौजन्याने उत्तर दिले, काही हजार डॉलर वाढवले आणि पुढे हात टेकले. कोणी फसवले नाही, कोणी उद्धट बोलले नाही. मुक्ततेचे पत्र २० डिसेंबरला आले, आणि बहुतेक महाविद्यालयांच्या मोकळ्या अर्जांची मुदत १ ते ५ जानेवारीपर्यंतच असते. मधल्या दोन आठवड्यांत नाताळामुळे तिकडची कार्यालये बंद, आणि इकडे मुलाने आठ महाविद्यालयांचे निबंध लिहायचे. मनाने तो अजून पहिल्याच आवारात फिरत होता. त्या आठांपैकी कुठेही जमले नाही. आता तो पुण्यातच बी.एस्सी. करतो आहे आणि त्याचे बरे चालले आहे, त्यामुळे ही शोकांतिका म्हणून सांगत नाही. पण जी पळवाट वापरल्यावर बाकीचे सगळे रस्ते पंधरा दिवसांत बंद होतात, तिला संरक्षण म्हणणे मला जड जाते. ती वापरायची वेळ येईल या भीतीनेच अनेक शहाणी घरे त्या दाराकडे फिरकत नाहीत, आणि मग प्रवेश कार्यालय म्हणते, बघा, गरजू विद्यार्थी लवकर अर्जच करत नाहीत.

यावर आपल्याकडचा वाचक सहज म्हणेल की मग कट-ऑफ लावा, गुणवत्ता यादी लावा, कटकट नको. ते माझे म्हणणे नाही. पाचशे जागांसाठी नऊ-दहा हजार अर्ज येतात आणि त्यांतले निम्मे कागदावर सारखेच दिसतात, तिथे टक्क्याच्या दशांशावर निवड करणे म्हणजे अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाचा गोंधळ निर्यात करण्यासारखे होईल. माणूस पाहून निवड करण्याच्या पद्धतीचाही इतिहास निर्मळ नाही; १९२० च्या दशकात हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी ‘चारित्र्य’ हा निकष आणला, त्यामागे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या कमी करण्याचा हेतू होता. तरीही निबंध, शिफारसपत्रे, मुलाने घरात आणि गावात काय सोसले व काय केले, हे वाचून निवड करणे मला योग्य वाटते. त्या वाचनाशी बांधील सहीचा काही संबंध नाही. ते वाचन जानेवारीतही तितकेच चांगले होते.

मग ही महाविद्यालये हे थांबवत का नाहीत? एकेकट्याने थांबवून पाहिले गेले आहे. २००६ मध्ये हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ यांनी लवकर प्रवेशाची पद्धत बंद करण्याचे जाहीर केले. बाकीचे मागे आले नाहीत, चांगली मुले आधीच इतरत्र बांधली जाऊ लागली आणि २०११ मध्ये हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी लवकर प्रवेश पुन्हा सुरू केला, पण बांधिलकी न घालता. त्यांच्याकडे लवकर अर्ज करणारा मुलगा मे महिन्यापर्यंत इतरांशी तुलना करू शकतो. ज्यांच्या दारात सर्वांत मोठी रांग आहे, त्यांना वचन मागावे लागत नाही. ज्यांना आपण निवडले जाऊ की नाही याची धास्ती आहे, ते मागतात.

सर्वांनी मिळून थांबवायचे म्हटले, तर कायदा आडवा येतो. महाविद्यालयांनी एकत्र बसून स्पर्धेचे नियम ठरवणे हे अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. आर्थिक मदतीचे आकडे आपसांत जुळवून घेण्याबद्दल १९९१ मध्ये आयव्ही लीगमधील विद्यापीठे आणि एमआयटी यांच्यावर सरकारने खटला भरला होता. २०१८ मध्ये न्याय खात्याने बांधील प्रवेश मिळालेल्या मुलांच्या याद्या महाविद्यालये एकमेकांना देतात का, याची चौकशी सुरू केली, आणि २०१९ मध्ये प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेला आपल्या आचारसंहितेतील काही नियम काढावे लागले. त्यांतला एक नियम बांधील अर्ज करणाऱ्यांना खास आमिषे दाखवू नयेत, असा होता. म्हणजे कायद्याने बांधील अर्जाला हात लावला नाही. त्याभोवतीचे सभ्यतेचे कुंपण तेवढे काढून टाकले. स्पर्धेचे रक्षण करणाऱ्या यंत्रणेला हे दिसू नये याचे मला नवल वाटते, कारण ज्या करारात ग्राहक किंमत कळण्याआधीच इतर सर्व विक्रेत्यांना नकार देतो, त्याहून स्पर्धाविरोधी करार कोणता असेल?

तेव्हा मार्ग उरतो तो विधिमंडळांचा. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य देण्याची प्रथा हेही असेच न सुटणारे प्रकरण म्हणून सांगितले जाई. पोमोनाने २०१७ मध्ये आणि ॲमहर्स्टने २०२१ मध्ये ती स्वतःहून सोडली, आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने खासगी महाविद्यालयांनाही ती कायद्याने बंद केली. बांधील अर्जावरही असाच कायदा आणला, तर महाविद्यालयांचा आर्थिक पाया ढासळेल, अशी भीती व्यक्त केली जाते. भीती खोटी नाही. २०२४ मध्येच न्यूयॉर्क राज्यातले वेल्स आणि अलाबामातले बर्मिंगहॅम-सदर्न ही दीड शतकाहून जुनी महाविद्यालये बंद पडली, आणि व्हर्जिनियातले स्वीट ब्रायर २०१५ मध्ये माजी विद्यार्थिनींनी अक्षरशः ओढून वाचवले. पण बंद पडणारी महाविद्यालये आणि दहातल्या नऊ जणांना नकार देणारी महाविद्यालये यांचे प्रश्न एक नाहीत. बांधील अर्जाचा खरा लाभ दुसऱ्या गटाला होतो, आणि त्याच गटाच्या गंगाजळीत माणशी लाखो डॉलर पडून आहेत. पहिल्या गटाच्या दुखण्याचा दाखला देऊन दुसऱ्या गटाची सोय राखण्याचे कारण नाही.

पद्धत पूर्ण बंद होईपर्यंत निदान एक गोष्ट ताबडतोब करता येण्याजोगी आहे: सहीआधी लेखी, बांधील आकडा. बांधिलकी असेल तर दोन्हीकडून असावी. हे अव्यवहार्य आहे, इतक्या अर्जांचा हिशेब ऑक्टोबरमध्ये कोण करणार, असे उत्तर येईल हे मला माहीत आहे. पण अनेक छोट्या महाविद्यालयांत क्रीडा प्रशिक्षकांना हवे असलेल्या खेळाडूंसाठी हे आजही केले जाते. ही महाविद्यालये ज्या श्रेणीत खेळतात तिथे क्रीडा-शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणून प्रशिक्षक उन्हाळ्यातच मुलाची कागदपत्रे प्रवेश कार्यालयाकडे पाठवतो, कुटुंब घरच्या उत्पन्नाचे आकडे मदत कार्यालयाकडे पाठवते, आणि सही करण्याआधी त्या कुटुंबाला काय भरावे लागेल याचा अंदाज मिळतो. जे लाक्रॉस खेळणाऱ्या मुलासाठी ऑगस्टमध्ये जमते, ते स्टोअर्स विभागातल्या कारकुनाच्या मुलासाठी ऑक्टोबरमध्ये जमायला हरकत नसावी.

गेल्या वर्षीपासून मी एक नियम केला आहे. बांधील अर्जाचा करार घेऊन येणाऱ्या मुलाला मी आधी मदत कार्यालयाला पत्र लिहायला सांगतो: घरचे उत्पन्न अमुक, फ्लॅटची किंमत तमुक, त्यावरचे कर्ज इतके, जमीन सामायिक आहे आणि विकता येण्याजोगी नाही; आमच्याकडून वर्षाला किती अपेक्षा धरता ते कळवा, म्हणजे आम्ही सही करू. यंदा एका मुलीने असे पत्र तीन महाविद्यालयांना पाठवले. एकाने उत्तर दिले नाही. दुसऱ्याने संकेतस्थळावरील अमेरिकी कुटुंबांसाठीच्या कॅल्क्युलेटरचा दुवा पाठवला. तिसऱ्याने आठ दिवसांनी दोन प्रश्न विचारले आणि मग एक आकडा कळवला, अंतिम नाही असे स्पष्ट सांगून, पण कळवला. तिच्या आईने तो वहीत उतरवून घेतला, रुपयांत केला, चाराने गुणला आणि पेन मागितले.